‘रोज पाच मिनिटं गाडी चालू करा’ म्हणे!

पंधरा दिवसांत हा मेसेज मला चार ठिकाणांहून आला, सोसायटीतून, माहेरून, ऑफिसमधून आणि काल तर आमच्या वॉचमनच्या स्टेटसवरही दिसला. ज्यांच्यापर्यंत पोचला नाही (असं कोणी उरलंय का?) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: उभ्या गाडीची बॅटरी उतरते कारण एक तर ती जुनी झालेली असते नाहीतर मुंबईची दमट हवा तिला खाते. म्हणून रोज पाच मिनिटं जागेवरच इंजिन चालू ठेवा. तरी उतरली तर चालू इंजिनवर निगेटिव्ह वायर काढून बघा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारा भाग) गेला, नाही पडली तर सरळ नवीन बॅटरी टाका. फास्टॅग काढून ठेवा, तो सतत सिग्नल सोडतो. आणि मल्टिमीटर लावून जरा जरी करंट दिसला तर ‘लीकेज’ समजा. खाली हात जोडलेले आणि ‘मेकॅनिक हे कधीच सांगणार नाहीत’.

मेकॅनिक सांगणार नाहीत कारण यातलं बरंचसं चूक आहे. आणि एक गोष्ट नुसती चूक नाही, महागात पडणारी आहे, तिथूनच सुरू करते.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढू नका. अजिबात नाही. पद्मिनी टॅक्सीच्या जमान्यात लोक हे करायचे, तेव्हा गाडीत कार्ब्युरेटर आणि पॉइंट होते, जळायला कॉम्प्युटरच नव्हता. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी एकदम बाजूला केली की त्याचा करंट जायचा कुठे, व्होल्टेज क्षणभर भलतंच उसळतं आणि ते ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), स्टिरिओ, खुद्द अल्टरनेटरचे डायोड यातल्या कशावरही जाऊ शकतं. बरं एवढी जोखीम घेऊन कळतं काय तर काहीच नाही, कारण अर्धवट बिघडलेला अल्टरनेटरसुद्धा इंजिन चालू ठेवू शकतो. त्यापेक्षा इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावा, साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक (काही नव्या गाड्या मुद्दाम कमी-जास्त करतात, तेवढं लक्षात घ्या). संपला विषय.

आता ती प्रसिद्ध पाच मिनिटं. मीही केलं हे, खोटं कशाला सांगू. मी लोकलने जाते, गाडी रविवार सोडला तर मुलुंडच्या पार्किंगमध्ये उभी, आणि शनिवारी सेल्फ मारला की नुसतं टक टक टक. मग रोज सकाळी डबा भरायच्या आधी खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, शेजारच्या काकांच्या खिडकीत धूर, त्यांची बोलणी वेगळीच. तरी आठवड्याला गाडी बसलेलीच. नंतर हिशोब केला तेव्हा कळलं. एका सेल्फला फार काही जात नाही, दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.१ अँपिअर-अवरपेक्षाही कमी (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर). पण आयडलवर पाच मिनिटांत बॅटरीत समजा १० अँपिअरने गेलं तरी ०.८ अँपिअर-अवरच जातात, आणि माझ्या गाडीतून रात्रंदिवस जी गळती चालू होती ती दिवसाला साडेसात अँपिअर-अवरच्या वर होती (कशी ते पुढे येतंय). म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. शिवाय एवढ्याशा वेळात इंजिन गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आणि बेसमेंटमध्ये पार्किंग असेल तर तो धूर कोंडतो ते वेगळंच. चालवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेला नेऊन आणा.

दमट हवेबद्दल अर्धा मार्क देते. बॅटरीच्या डोक्यावर धूळ, ॲसिडचा ओलावा आणि आपली खारी हवा यांचा थर बसला तर त्यातून बारीकसा करंट वाहतो हे खरं, पण सहसा तो इतका थोडा असतो की चांगली बॅटरी चार दिवसांत बसणार नाही. टर्मिनलवर जी पांढरी-हिरवी पूड येते तिचा प्रकार उलटा, ती करंट पीत नाही, अडवते. म्हणून बॅटरी भरलेली असूनही सेल्फ लागत नाही आणि आपण म्हणतो उतरली. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून, वायर सुटी करून जुन्या टूथब्रशने घासा. मुंबईत बॅटरी लवकर मरते ती मुख्यतः उकाड्याने, वर्षादोन वर्षांच्या हिशोबात, रात्रीतून नाही.

‘जरा जरी करंट दिसला तर लीकेज’ या वाक्याने लोकांचे सगळ्यात जास्त पैसे घालवलेत असं माझं मत आहे. बंद गाडी कधीच शून्यावर नसते. घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, अलार्म, ईसीयूची मेमरी, नव्या कनेक्टेड गाड्यांत तर सिमकार्डसुद्धा, हे सगळं मिळून २० ते ५० मिलिअँपिअर घेतं आणि ते नॉर्मल आहे. छोट्या गाडीत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते, ३० मिलिअँपिअरने तीन आठवड्यांत १५ अँपिअर-अवर जातात, म्हणून मे महिन्यात गावाहून आल्यावर निरोगी गाडीसुद्धा जरा कुरकुरते. मोजायचं कसं हे मेसेजमध्ये नाहीच. गाडी बंद केल्या केल्या मीटर लावाल तर अँपिअरमध्ये आकडा दिसेल आणि तुम्ही घाबराल, कारण तेव्हा आतले सगळे कॉम्प्युटर जागे असतात, ते झोपायला दहा मिनिटंही लागतात आणि कधी चाळीसही.

माझा मीटर लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला, काही शे रुपयांचा. बॉनेट उघडं, दार उघडं ठेवून त्याचा लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केला म्हणजे गाडीला वाटतं दार लागलं, चावी घरात (स्मार्ट की असेल तर लांबच, ती जवळ असली की गाडी झोपत नाही). लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं काढायच्या केबलला आधी चिमट्याने लावून घेतलं आणि मगच केबल सोडवली, मधे तुटलं की सगळं परत जागं होतं. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, तो जळेल. मग मी वर जाऊन चहा केला. पाऊण तासाने आले तर आकडा ०.३२ अँपिअर, म्हणजे ३२० मिलिअँपिअर. साडेचार दिवसांत आख्खी बॅटरी रिकामी!

इथे लोक एकेक फ्यूज उपटत बसतात. त्यात एक गंमत आहे, फ्यूज परत लावला की त्यावरचं सगळं जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास. त्यापेक्षा बॅटरीची केबल आधी परत लावा, मगच मीटर काढा आणि फ्यूज जागेवरच ठेवा, त्याच्या पाठीवर दोन इवलेसे धातूचे ठिपके असतात, मीटरची लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घालून २०० मिलिव्होल्टवर त्या ठिपक्यांना टेकवा. करंट जात नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजमधून ०.३ जात असेल तर दोन-अडीच मिलिव्होल्ट. माझ्या फ्यूज बॉक्समध्ये एकच फ्यूज बोलला, स्टिरिओचा. बाहेरून बसवलेला मोठा टचस्क्रीन, बसवणाऱ्याने चावीवर चालणारी लाल वायर आणि कायम सप्लायची पिवळी वायर एकत्र पिळून टाकलेली. चावी काढली तरी स्क्रीन चालूच राहायचा, लेक बटण दाबून बंद करायचा, आणि आम्हाला वाटायचं हे फीचर आहे. स्क्रीन काळा व्हायचा पण आतला अँड्रॉइड रात्रभर जागा. इलेक्ट्रिशियनने वीस मिनिटांत वायर वेगळी केली, आकडा ०.०३ वर आला.

कोणाकडे डिकीचा दिवा जळत राहतो, कोणाचा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, चिकटलेला रिले (विजेवर चालणारा स्विच), तर कधी अल्टरनेटरचाच डायोड. हा शेवटचा फ्यूज बॉक्समध्ये सापडणार नाही, त्याची जाडी वायर वेगळी करून बघावी लागते आणि ते काम इलेक्ट्रिशियनवर सोडा.

फास्टॅगवर वेळ घालवत नाही. त्यात बॅटरी नाही, गाडीशी वायर नाही, टोलवरच्या रीडरच्या लहरींवर तो तेवढ्यापुरता जागा होतो. काचेवर आहे तिथेच राहू द्या.

राहिली ‘नवीन बॅटरी टाका’. माझी चौदा महिन्यांची होती, दुकानदार बदलायलाच निघाला होता. बॅटरी पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह वायर काढून तीन-चार दिवस ठेवा (घड्याळ आणि काचांचं सेटिंग जाईल, रिमोट चालणार नाही, चावीने लॉक करा) आणि मग व्होल्ट बघा. १२.६ च्या आसपास राहिली तर बॅटरी बहुतेक धडधाकट आणि गाडी पीतेय. नुसतं ठेवून १२.२ वर आली म्हणजे अर्धी उतरली, मग बॅटरीच गेली, खुशाल बदला. आणि ‘ईव्ही घेतली की कटकट संपली’ म्हणणाऱ्या आमच्या भावोजींना सांगते, त्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी उठत नाही.

सी विंगमधल्या दोघांनी मीटर मागितलाय, रविवारी सकाळी नऊनंतर या. फक्त गाडी स्टॅक पार्किंगच्या (एकावर एक गाड्या ठेवतात त्या) वरच्या पॅलेटवर असेल तर शनिवारीच खाली आणून ठेवा.