जुनी गाडी घेतलीत? मग थांबलाय कशाला, निघा!

अभिनंदन! वयाने तुमच्याहून मोठी असलेली गाडी अखेर तुम्ही विकत घेतलीत. तीही फोटो बघून घेतलीत, हे तर फारच छान. फोटोत धूर दिसत नाही, वास येत नाही आणि इंजिनाखालचा तेलाचा डाग नेमका चौकटीबाहेर राहतो. आता अडचण एवढीच, की गाडी तिकडे, घर इकडे आणि मधे दिवसभराचा रस्ता. काही भित्री माणसं अशा वेळी गाडी ट्रकवर चढवून आणवतात. त्यांच्या नादी लागू नका. ट्रकवरून उतरणाऱ्या गाडीमागे मालकाची छाती काय फुगणार?

तयारीची सुरुवात विकणाऱ्यावर विश्वास ठेवण्यापासून होते. तो सांगेल, ‘बारा वर्षं बंद शेडमध्ये झाकून ठेवली होती, पावसाचा थेंब लागू दिला नाही.’ हे ऐकून तुमचा ऊर भरून यायला हवा. चालवल्याने गाडी झिजते, तेव्हा न चालवल्याने ती तरुण राहत असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. उभ्या गाडीत रबर कडक होतं, टाकीला आतून गंज चढतो, सील सुकतात, ब्रेकचे पिस्टन जागच्या जागी चिकटतात, असं मेकॅनिक म्हणतात खरं. पण त्यांना काय, कामं हवी असतात. दर रविवारी फिरवलेली, बोनेटवर ओरखडे असलेली आणि बिलांची जाडजूड फाइल सोबत येणारी एक गाडी तुम्हाला त्याच किमतीत मिळत होती. ती नाकारलीत ते उत्तमच केलंत. जिच्यावर एवढी बिलं झाली ती गाडी चांगली कशी असेल?

टायरकडे एक नजर टाका. फक्त नजर, वाकायचं नाही. नक्षी खोल आहे, रबर काळंभोर चकाकतंय, पॉलिशचा वास येतोय, विषय संपला. वाकलात तर टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे दिसतील आणि तुमचा दिवस खराब होईल. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. आकडे तीनच असतील तर टायर २००० सालाच्या आधीचे, म्हणजे तेही क्लासिक. गाडीला शोभतील असेच. बऱ्याच टायर कंपन्या स्वतःच सांगतात, की नक्षी कितीही शिल्लक असो, दहा वर्षं झाली की टायर बदला. नक्षीच्या खाचेत नख घालून खाच जरा फाकवली, तर तळाशी केसाएवढ्या भेगांची जाळी दिसते. त्या सुरकुत्या समजा आणि नख काढून घ्या. गल्लीबोळातून हा टायर गुण्यागोविंदाने फिरेल. हायवेवर तासभर तापला की आतला थर सुटतो आणि नक्षीचा अख्खा पट्टा मडगार्ड उचकटून निघून जातो, पण तो हायवेवरचा प्रश्न आहे, तो हायवेवर बघू. स्टेपनीला तर हातही लावू नका. ती बहुधा कारखान्यातून गाडीसोबत आलेली असते आणि तिच्यातली हवाही त्याच काळातली असते. असा ठेवा कोण उघडतं?

ब्रेकची परीक्षा सोपी आहे. उभ्या गाडीत पेडल दाबायचं, घट्ट लागलं की गाडी पास. ब्रेक ऑइलचा रंग काळ्या चहासारखा झाला असेल, तर ते मुरलंय असं समजून समाधान मानावं. मुरलेलं असतंच, फक्त त्यात पाणी मुरलेलं असतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. ‘डॉट ४’ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही; पुरेसं पाणी शिरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ड्रम तापतात, ऑइलची वाफ होते, तुम्ही पेडल दाबता आणि दाबली जाते ती वाफ. पेडल एकदम मऊ होऊन तळाला टेकतं. त्यात १९६०च्या दशकापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेकचं एकच सर्किट, म्हणजे ऑइलचा एकच मार्ग. अमेरिकेत दुहेरी सर्किट सक्तीचं झालं ते १९६८ साली. तोवर एक पाइप फुटला की चारही चाकांना समान न्याय. हँडब्रेकची केबल वेगळी असते, ती निघण्याआधी ओढून बघता येते. पण ती ओढायची वेळ उतारावरच आलेली बरी. तिथे लक्ष जास्त लागतं.

कधी उलटंही घडतं. ब्रेकचा जुना रबरी होज, म्हणजे ऑइलची नळी, आतून फुगतो आणि ऑइलला पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. तुम्ही पाय उचलता, ब्रेक मात्र लागलेलाच राहतो. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून चारही चाकांजवळ हात नेला, तर एखादं चाक इतरांपेक्षा जास्त तापलेलं लगेच कळतं. त्याच थांब्यात नट आवळून होतात, खाली वाकून गळती दिसते. म्हणून सांगतो, तिथे थांबूच नका. सुरुवातीलाच थांबलात तर सरासरी वेग पडतो.

पेट्रोल जे आहे त्यावरच निघा, फुकट आलंय. टाकीच्या तळाशी गंजाचा गाळ इतकी वर्षं कोणाच्या अध्यात ना मध्यात पडून होता. रस्त्यावर टाकी हिंदकळली की तो उठतो आणि फिल्टरच्या दिशेने निघतो. गाडी दहा मिनिटं झकास पळते, मग आचके देते, मग गप्प. बाजूला घेऊन तुम्ही फोन लावेपर्यंत गाळ खाली बसतो आणि गाडी पुन्हा चालू. तुम्हाला वाटतं, बरी झाली. पुढच्या दहा मिनिटांनी पुन्हा तेच. खिशात दोन जादा फिल्टर असले तर ही सगळी गंमत निघून जाते, तेव्हा घेऊ नका. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या नरम पडतात आणि झिरपतात. कित्येक इंजिनांत ही नळी तापलेल्या एक्झॉस्टच्या जवळूनच जाते. आग विझवायचा सिलिंडर? डिकीत जागा कुठे आहे, बॅगा आहेत ना.

विजेच्या वायरिंगबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण तिथे सगळ्या वायरी आता एकाच रंगाच्या झाल्यात. एवढं मात्र माहीत असू द्या, की साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची आजच्यासारखी मायनस नव्हे, तर प्लस बाजू बॉडीला जोडलेली असे. वाटेत कोणी भला माणूस जंपर केबल घेऊन धावत आला, तर हे त्याला सांगून त्याचा हिरमोड करू नका. निघायचंही संध्याकाळीच, आभाळ भरून आलेलं बघून. बॅटरी भरणारा जुना डायनॅमो इंजिन मंद असताना जेमतेमच चार्ज करतो. तेव्हा हेडलाइट, वायपर आणि हीटरचा पंखा एकदम चालू ठेवून गर्दीत रेंगाळल्याशिवाय बॅटरीत किती दम आहे ते कळायचं कसं? हीटरवरून आठवलं. इंजिन तापू लागलं की हीटर पूर्ण चालू करावा, तो छोट्या रेडिएटरचं काम करतो, हा सल्ला खरा आहे. म्हणूनच तो कोणाला पटत नाही. त्याऐवजी गाडी थांबवून लगेच रेडिएटरची टोपी उघडण्याची प्रथा आहे, आणि चेहरा भाजून घेण्याचीही.

पाने, पक्कड, टेस्टर, फॅन बेल्ट, होजच्या क्लिपा, काँटॅक्ट पॉइंट, कंडेन्सर, वायरचा तुकडा, चिकटपट्टी, पाण्याचा कॅन, असली यादी कोणी हातात दिली तर त्याला बर्था बेंझचं नाव सांगून गप्प करा. मोटारगाडीचा इतिहासातला पहिला लांबचा प्रवास तिने केला. ऑगस्ट १८८८मध्ये जर्मनीत नवऱ्याला, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझला, न सांगता त्याचीच तीनचाकी काढली, दोन मुलांना सोबत घेतलं आणि मॅनहाइमहून फोर्टझहाइमला, म्हणजे शंभरेक किलोमीटर, निघाली. तिने कुठे नेली होती हत्यारांची पेटी? इंधनाची नळी तुंबली, टोपीच्या पिनेने मोकळी केली. इग्निशनच्या वायरीला मोजाबंदाची पट्टी गुंडाळली. इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. फरक इतकाच, की तिची गाडी नवी होती, आणि नळी कुठून कुठे जाते हे तिला ठाऊक होतं. तुम्हाला बोनेट कुठून उघडतं ते वाटेत कळेलच. टोपीची पिन मात्र हल्ली कोणाकडे नसते, हे जरा वाईट झालं.

सोबत कोणाला न्यायचं ते शांतपणे ठरवा. धक्का मारता येईल असा माणूस हवा, पण ‘मी म्हटलं होतं’ म्हणणारा नको. हे दोन्ही गुण एका माणसात सापडणं कठीण, म्हणून बहुतेक लोक एकटे जातात आणि धक्क्यासाठी जनतेवर विसंबतात.

जनता येतेच. जुनी गाडी बोनेट उघडं टाकून रस्त्याकडेला उभी असली की माणसं कुठून उगवतात देव जाणे. पहिला येतो त्याच्या काकांकडे अगदी अशीच गाडी होती, फक्त कंपनी वेगळी, रंग वेगळा आणि दारं चार. दुसरा कार्बोरेटरकडे बोट दाखवून ‘इथंच आहे’ म्हणतो आणि काय आहे ते न सांगता निघून जातो. तिसरा फोटो काढतो. चौथा तुम्हाला बाजूला करून काँटॅक्ट पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या तुकड्यांमधला, गॅप बघतो. तो ०.४ मिलिमीटरच्या आसपास हवा, त्याच्याकडे मोजायचं पातं नसतं म्हणून तो खिशातलं व्हिजिटिंग कार्ड घालून बघतो, आणि गॅप चक्क बरोबर निघतो. सगळ्यांच्या मागे सायकल धरून एक पोरगा उभा असतो. तो विचारतो, ‘पेट्रोल आहे का?’ अशा प्रश्नाला उत्तर देऊन आपली पायरी सोडू नका. काटा स्वच्छ अर्ध्यावर आहे. सकाळी गाडी बघायला गेलात, चावी लावायच्या आधी, तेव्हाही तो तिथेच होता.