बातमीला सभासद हवेत

एखादा नावाजलेला निवेदक चॅनेल सोडतो, स्वतःचं यूट्यूब चॅनेल काढतो आणि घरच्या, शाळेच्या, सोसायटीच्या ग्रुपवर एकच मजकूर फिरायला लागतो: ‘आता हाच खरा आवाज, सबस्क्राइब करा.’ नोव्हेंबर २०२२ मध्ये रवीश कुमार यांनी एनडीटीव्ही सोडलं तेव्हा हे देशभर झालं. मराठीत त्याच्या लहान आवृत्त्या सतत घडत असतात. जोडीला आणखी दोन वाक्यं ठरलेली: मीडिया विकला गेलाय, आणि मराठी माणूस बातमीसाठी खिशात हात घालत नाही. मुंबईच्या विक्रोळीत हे ऐकत मी मोठी झाले. आता बर्लिनमध्ये पत्रकारिता शिकताना तेच फोनवर वाचते. यातलं शेवटचं वाक्य साफ चुकीचं आहे असं माझं मत झालंय. आणि ते चुकीचं असेल, तर एकेका शूर माणसावर सगळी भिस्त ठेवायची आपली सवयही तपासायला हवी.

आमच्या अभ्यासक्रमात पत्रकारितेचा उद्योग कसा उभा करायचा, असा एक विषय आहे. पहिल्याच तासाला प्राध्यापिकेने विचारलं, तुम्ही वाचता त्या वृत्तपत्राचा मालक कोण? उद्या तो बदलला तर तुम्हाला कुणी विचारेल का? मुंबईत पदवी घेताना मी इंट्रो लिहायला शिकले, मथळा द्यायला शिकले, दोन बाजू घ्यायला शिकले. ताळेबंद कधी कुणी समोर ठेवला नाही.

इथे ‘तात्स’ नावाचं दैनिक आहे. १९७९ पासून रोज निघतं, डाव्या विचारांचं आणि भांडकुदळ म्हणून ओळखलं जातं. बर्लिनची भिंत पडली, जर्मनी एक झाली आणि पश्चिम बर्लिनमधल्या उद्योगांना मिळणारी सरकारी सवलत थांबली, तेव्हा हे दैनिक बुडायच्या बेतात आलं. पैसेवाला गुंतवणूकदार आणायचा की वाचकांनाच मालक करायचं, यावर आत जोरदार वाद झाले. १९९२ मध्ये त्यांनी सहकारी संस्था स्थापन केली. आज तिचे २० हजारांहून जास्त सभासद आहेत. भाग किमान ५०० युरोंचा, पण भाग कितीही घेतले तरी प्रत्येकाला मत एकच.

माझे इथले वर्गमित्र हे ऐकून थक्क होतात. मला मात्र ते फार ओळखीचं वाटलं, कारण आपण महाराष्ट्रातली माणसं सहकारातच वाढतो. भागभांडवल, वार्षिक सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण, राखीव निधी हे शब्द विक्रोळीच्या कन्नमवार नगरात चौथी शिकलेल्या आजीलाही माहीत असतात. आमच्या बिल्डिंगच्या सभेत टाकीच्या दुरुस्तीचा खर्च मागच्या वर्षीपेक्षा का वाढला, यावर रात्री अकरापर्यंत खडाजंगी होते आणि कोटेशनची झेरॉक्स हातोहात फिरते. पतपेढ्या, दूध संघ, साखर कारखाने, गृहनिर्माण संस्था असं सगळं आपण सहकारात केलं. वाचकांच्या मालकीचं मोठं मराठी वृत्तपत्र मात्र उभं केलं नाही. बातमीदारीत वाटून घेतलेली मालकी आपल्याला परकी आहे असंही नाही, पीटीआय ही वृत्तसंस्था वृत्तपत्रांनीच मिळून उभी केली. वाचकाला मात्र कुणी आत घेतलं नाही.

‘तात्स’ची वर्गणी भरताना मी त्यांच्या अर्जावर बराच वेळ थांबले होते. एकाच अंकाचे तीन दर असतात: कमी मिळकत असलेल्यांसाठी एक, नेहमीचा एक, आणि ज्यांना जास्त देणं परवडतं त्यांच्यासाठी एक. दर आपला आपण निवडायचा. उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. वरच्या दराने पैसे भरणारा खालच्या दरातल्याची वर्गणी थोडी उचलतो, आणि हे त्याला माहीत असतं. वेबसाइटवरचे लेख सगळ्यांना खुले आहेत. मध्ये एक चौकट येते, परवडत असेल तर पैसे द्या म्हणते, नको असेल तर बंद करून पुढे वाचता येतं. १७ ऑक्टोबर २०२५ ला त्यांनी सोमवार ते शुक्रवारचा छापील अंक थांबवला. आता कागदावर फक्त शनिवार-रविवारचा अंक मिळतो, बाकी फोनवर. असा दिवस येणार याची चर्चा २०१८ पासून उघडपणे चालू होती, त्यामुळे सभासदांना ती बातमी बाहेरून कळली नाही.

सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. तिथले पगार इतर दैनिकांपेक्षा बरेच कमी असतात आणि घडलेली माणसं मोठ्या वृत्तपत्रांत निघून जातात. जर्मनीत जमिनीत आधीच ओल आहे, हेही खरं. सार्वजनिक रेडिओ आणि टीव्हीसाठी प्रत्येक घराला महिना १८.३६ युरो भरावे लागतात, घरात टीव्ही असो वा नसो. आम्ही चौघीजणी एका फ्लॅटमध्ये राहतो आणि ही रक्कम वाटून घेतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “टीव्हीच नाही तर कसले पैसे भरता?” इथेही बरेच लोक हाच प्रश्न विचारतात आणि चिडतात. पण बातमीला खर्च येतो आणि तो कुणीतरी भरतो, ही गोष्ट घराघरात पोचलेली आहे. पत्रकारिता स्वातंत्र्याच्या २०२५ च्या जागतिक क्रमवारीत जर्मनी ११ वी आणि भारत १५१ वा होता. त्या दरीतला मोठा भाग कायदा आणि सत्तेचा आहे, तो वर्गणीने भरून निघणार नाही.

वाचकांचे पैसे आले की काम झालं, असंही नाही. नेदरलँड्समधल्या ‘डी कॉरस्पॉन्डंट’ने २०१३ मध्ये जाहिरातींशिवाय, वाचकांकडून दहा लाखांहून जास्त युरो उभे करून पत्रकारिता सुरू केली, आणि ती टिकली. त्यांनीच पुढे जगभरासाठी इंग्रजी आवृत्ती काढली, २६ लाख डॉलर जमवले. ती २०२० च्या अखेरीला बंद पडली. मला त्याचं कारण सरळ दिसतं. १३० देशांत विखुरलेल्या वाचकांना एकमेकांशी बांधणारा रस्ता नव्हता, गटार नव्हतं, नगरसेवक नव्हता. डच वाचकांना निदान एक देश सामायिक होता.

आता मुंबईकडे येते. मराठी पत्रकारिता इथेच एकेका माणसाच्या हिमतीवर सुरू झाली. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं आणि १८४० मध्ये थांबलं. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू केलं, शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. त्याच वर्षी बाबासाहेब पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि पत्र जेमतेम १९२३ पर्यंत तगलं. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढलं तेव्हा अंकाचे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याला लिहून भरावे लागत. ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ हा त्यांचा अग्रलेख मी इथे परत वाचला. स्वतंत्र पत्र चालवायला लागणारा पैसा हे समाजावरचं ऋण आहे, असं जवळपास शंभर वर्षांपूर्वी ते वाचकांपुढे स्वच्छ मांडत होते. १९२९ मध्ये ते पत्रही बंद झालं. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते तेव्हा ‘केसरी’ मात्र निघत राहिला, कारण मागे माणसं होती, छापखाना होता, वर्गणीदार होते. कुणाचे वर्गणीदार पैसे भरू शकत होते आणि कुणाच्या वाचकांना दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती, हा फरक विसरून ही तुलना करता येणार नाही. म्हणूनच ‘तात्स’चे ते तीन दर मला इतके महत्त्वाचे वाटतात.

आजचं यूट्यूब चॅनेल मला त्याच जुन्या जागी उभं दिसतं. माझा कॉलेजातला एक मित्र भांडुप-विक्रोळीपुरतं मराठी चॅनेल चालवतो. एक फोन, एक कॉलर माइक, एडिटिंगला एक मुलगा. कांजूरमार्गच्या डम्पिंग ग्राउंडवर त्याने महिनाभर काम केलं. मुंबईचा बहुतांश कचरा तिथे जातो. वारा फिरला की रात्री कन्नमवार नगरात खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आई ओल्या फडक्याने फटी बुजवते. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जवळपास १२० हेक्टर जमीन संरक्षित वन असल्याचा निकाल दिला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. या निकालाचा आमच्या घरावर काय परिणाम, कचरा हलला तर कुठे जाणार, पुढची तारीख काय, हे मराठीत समजावून सांगायला तो एकटा धडपडत होता. तो व्हिडिओ फारसा कुणी पाहिला नाही. त्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या शेरेबाजीवर त्याने दोन मिनिटांची क्लिप टाकली, ती धावली. “अगं, वासावर कोण क्लिक करणार?” असं तो म्हणाला, तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीआधी त्याच्याकडे पॅकेज घेऊन माणसं आली. वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात, दोन मुलाखती, प्रचारफेरीचं लाइव्ह, सगळ्याचा मिळून एक आकडा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन प्रचार बातमी म्हणून छापण्याचा, जो प्रकार उघड झाला, त्याचंच हे गल्लीतलं रूप. त्याने नाही म्हटलं. त्या महिन्यात एडिटिंगवाल्या मुलाचे पैसे थकले.

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून निवडणूक होईपर्यंत जवळपास चार वर्षं या शहराला नगरसेवक नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. लोकप्रतिनिधी नसताना बातमीदार दुप्पट लागतात. माझ्या प्रभागात त्या काळात कोणती कामं मंजूर झाली, कुणाला मिळाली आणि किती पुरी झाली, हे सलगपणे सांगणारं मराठीत मला काही सापडलं नाही. भाष्य करणारे मात्र हवे तेवढे सापडले.

जाहिरातीचा रस्ता पुढाऱ्याच्या दारातून जातो. परदेशी गुंतवणुकीला डिजिटल बातमीत २०१९ पासून २६ टक्क्यांची मर्यादा आहे, तीही सरकारच्या मंजुरीने. देणग्यांचं म्हणाल तर शोधपत्रकारिता करणाऱ्या ‘रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं, की पत्रकारितेतून सार्वजनिक हित साधत नाही असं कारण देत प्राप्तिकर खात्याने त्यांचा ना-नफा दर्जा काढून घेतला. कोर्टाचा आधार मिळतो, आणि याबाबत मुंबईने चांगलं काम केलंय. ‘द लीफलेट’ आणि निखिल वागळे यांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये नव्या आयटी नियमांतल्या, डिजिटल बातम्यांवर आचारसंहिता लादणाऱ्या कलमांना स्थगिती दिली. २० सप्टेंबर २०२४ ला सरकारी फॅक्ट चेक युनिटचा, म्हणजे सरकारबद्दलची ऑनलाइन माहिती खोटी आहे का हे सरकारनेच ठरवण्याचा, नियमच रद्द ठरवला. पण खटला लढायला वकील लागतो, वकिलाला फी लागते, आणि एकटा यूट्यूबर पहिल्या नोटिशीलाच व्हिडिओ काढून टाकतो.

म्हणून मला सभासदांची बातमी हवी आहे. सुरुवात एका विभागापासून व्हावी, सबंध मुंबईचा मोह नको. महापालिकेचा आमचा एस विभाग घ्या: भांडुप, कांजूर, विक्रोळी, पवई. दोन हजार घरांनी महिना ५० रुपये दिले तर लाख रुपये होतात. त्यात दोन बातमीदारांचा साधा पगार, एडिटिंग आणि वकिलासाठी बाजूला ठेवायला थोडे पैसे निघतात. पेपरवाल्याचं महिन्याचं बिल या ५० रुपयांहून मोठं असतं. मराठी माणूस ते भरतो, मंडळाची वर्गणी देतो, मेंटेनन्स भरतो, दिवाळी अंक विकत घेतो. तो पैसे देत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्याच्याकडे कधी हिशेब दाखवून पैसे मागितलेत का? पवईतल्या टॉवरने २०० द्यावेत, डोंगरावरच्या वस्तीने १० द्यावेत. मत प्रत्येकाला एकच.

मित्राला हे सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, “आणि मग एखादा भाऊ पाचशे सभासद करून आणेल आणि अध्यक्ष होऊन बसेल.” त्याची भीती रास्त आहे. साखर कारखान्यांचं आणि जिल्हा बँकांचं काय झालं ते आपण पाहिलंय. त्यावर आम्ही दोघं आता अशा संस्थेच्या नियमांचा मसुदा लिहितोय. कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी आणि निवडणूक लढवलेला माणूस कार्यकारिणीत येणार नाही. नव्या सभासदाला वर्षभरानंतरच मताचा अधिकार. जमाखर्च दर तीन महिन्यांनी सगळ्यांसाठी खुला, मोठ्या देणगीदाराच्या नावासकट. संपादक नेमायचा अधिकार सभेला, पण कोणती बातमी लागेल हे सभा ठरवणार नाही. या शेवटच्या कलमावर आमचं अजून भांडण चालू आहे. तो म्हणतो, पैसे भरणारे लोक हे मान्य करणार नाहीत. मी म्हणते, हे मान्य नसेल त्यांचे पैसे घ्यायचे नाहीत.