डब्यातलं औषध आणि भिंतीवरचं औषध : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घराच्या बाहेरच्या भिंती प्रेशर वॉशरने धुताना रसायन कसं वापरावं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि बरीच कडक प्रतिक्रिया लिहिलीत. ती मी तीन वेळा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की, माझ्या लेखाप्रमाणे दहा टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचच्या औषधात, तेवढंच पाणी घालून ते इंजेक्टरने (नळीतल्या पाण्यात औषध ओढून मिसळणाऱ्या जोडाने) मारलं, तरी खिडक्यांखालचे काळे डाग हलले नाहीत. मग दुसऱ्या दिवशी दुप्पट औषध वापरलं, तरी तेच. रसायन खालून वर मारायचं आणि पाणी वरून खाली, हा तुमच्या मते पुस्तकी हट्ट आहे. आणि शेवटी, चांगला दाब असला की रसायनाची गरजच नाही, मी लोकांना उगीच विषाच्या नादी लावते आहे, असं तुम्ही लिहिलंत.

पहिल्या मुद्द्यात चूक माझी आहे, तेव्हा तिथूनच सुरू करते. लेखात मी लिहिलं होतं की इंजेक्टर एकास दहा या प्रमाणात औषध ओढतो. हे वाक्य मी इतकं ठामपणे लिहायला नको होतं. काही इंजेक्टर तेवढं ओढतात. काही एकास वीसच्या आसपास ओढतात. नळी लांब असली, पाणी मारायची बंदूक वर धरलेली असली, औषधाच्या नळीच्या टोकाची जाळी अर्धी बुजलेली असली, तर तोच इंजेक्टर आणखी कमी ओढतो. तुम्ही माझा आकडा प्रमाण मानून काम केलंत आणि तुमचा एक दिवस वाया गेला. त्याबद्दल मनापासून दिलगिरी.

आता तुमच्या भिंतीवर काय झालं असावं ते पाहू. दहा टक्क्यांच्या औषधात तेवढंच पाणी घातलं की डब्यात उरतं पाच टक्के. ते इंजेक्टरने ओढलं आणि एकूण पाण्यात त्याचा विसावा भाग पडला, तर भिंतीवर पोचतं पाव टक्का. शेवाळ आणि बुरशीने काळवंडलेल्या रंगवलेल्या भिंतीला साधारण अर्धा ते एक टक्का लागतो. म्हणजे तुम्ही गरजेच्या निम्म्याने किंवा त्याहून कमी ताकदीचं पाणी मारत होतात. शिवाय हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने आपोआप मरत जातं. तापमान दहा अंशांनी वाढलं की ते तिप्पट-चौपट वेगाने उतरतं, आणि जितकं कडक तितकं लवकर उतरतं. उन्हात ठेवलेल्या कॅनवर दहा टक्के छापलेलं असलं तरी आत पाचच उरलेलं असू शकतं. तसं असेल तर तुमच्या भिंतीवर पडलं ते एक अष्टमांश टक्का. एवढ्याने शेवाळाचा रंग थोडा फिका होतो, ते मरत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दुप्पट वापरलंत, पण दुप्पट काय केलंत हे महत्त्वाचं आहे. दुप्पट डबे मारले असतील तर ताकद तेवढीच राहिली, फक्त औषध जमिनीवर जास्त वाहून गेलं. ताकद वाढवायची तर डब्यात पाणी घालायचं नाही, किंवा इंजेक्टर जास्त ओढेल असं करायचं. हा फरक माझ्या लेखात स्पष्ट नव्हता, आणि मला वाटतं हाच सगळ्या गोंधळाचा गाभा आहे. आपण डब्यात काय आहे ते मोजतो. काम करतं ते भिंतीवर पडलेलं.

म्हणून इंजेक्टरवर काय छापलं आहे ते बाजूला ठेवा आणि तुमच्या यंत्राचं मोजमाप स्वतः घ्या. घड्याळही लागत नाही. औषधाची नळी खुणा असलेल्या बाटलीत सोडा, बाटलीत साधं पाणीच भरा. बंदुकीला साबणाचं रुंद तोंडाचं काळं नोझल लावा, नळी कामाच्या वेळी पसरता तेवढीच पसरा, आणि पाणी येऊ लागलं की दहा लिटरच्या बादलीत सोडा. बादली भरली की थांबा आणि बाटलीतलं किती गेलं ते बघा. एक लिटर गेलं असेल तर भिंतीवरच्या पाण्यात औषध दहावा भाग. अर्धा लिटर गेलं असेल तर विसावा. डब्यातल्या टक्क्यांना या भागाने गुणलं की भिंतीवरची ताकद मिळते. दहा टक्के आणि विसावा भाग म्हणजे अर्धा टक्का. तुमचा इंजेक्टर विसावा भाग ओढत असेल, तर ताजं दहा टक्क्यांचं औषध पाणी न घालता डब्यात ठेवलं तरच तुम्ही कामाच्या ताकदीच्या उंबरठ्यावर पोचता.

हे मोजताना बाटलीतलं पाणी हललंच नाही, असंही होऊ शकतं. बहुतेक वेळा कारण नोझल असतं. इंजेक्टर पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला बसतो. पाणी त्याच्या अरुंद गळ्यातून वेगाने गेलं की तिथला दाब घटतो आणि औषध ओढलं जातं. पण पुढे हिरवं किंवा पांढरं, म्हणजे धुवायचं पंख्यासारखी धार देणारं नोझल असेल तर त्याच्या बारीक भोकामुळे मागे दाब साचतो, आणि ओढणं बंद. रुंद काळं नोझल लावलं की दाब पडतो आणि ओढणं सुरू होतं. ही अडचण वाटते, पण मला तरी हीच या पद्धतीची सगळ्यात मोठी सोय वाटते. औषध मारायचं तेव्हा काळं नोझल, धुवायचं तेव्हा पंख्याचं नोझल, यंत्रापर्यंत जाऊन काही बंद-चालू करायला नको. फक्त नळीत साचलेल्या औषधाचा हिशोब ठेवावा लागतो. तीस मीटर लांब, आतून साडेनऊ मिलिमीटर रुंद नळीत दोन लिटरांहून थोडं जास्त पाणी मावतं. मिनिटाला आठ लिटर देणाऱ्या यंत्रावर ते बाहेर यायला पंधरा-सोळा सेकंद लागतात. नोझल बदलल्यावर हे पंधरा सेकंद जे येतं ते औषधच असतं. ते भिंतीवरच मारा, झाडांवर नको. उलट बाजूने, औषध सुरू केल्यावर पहिले पंधरा सेकंद साधंच पाणी येतं. अनेक जण भिंतीचा पहिला पट्टा याच साध्या पाण्याने ‘औषधी’ करतात आणि तो पट्टा काळा का राहिला म्हणून शोधत बसतात.

काम संपलं की बादलीभर साधं पाणी इंजेक्टरमधून ओढून घ्या. आतली लहान गोळी आणि स्प्रिंग औषधाच्या खारांनी चिकटते, आणि पुढच्या वेळी ओढच लागत नाही.

आता खालून वर. तुम्ही लिहिलंत, पाणी वरून खाली वाहतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. खरं आहे, आणि म्हणूनच औषध खालून मारायचं. कोरड्या, मळक्या भिंतीवर वरून औषध मारलं की ते सरसकट खाली येत नाही, ओघळांनी येतं. ओघळ जिथून गेले तिथला काळेपणा आधी सुटतो, तिथं औषध जास्त वेळ राहतं. पाच मिनिटांनी तुम्ही खाली पोचता तेव्हा त्या रेघा उजळलेल्या असतात आणि शेजारची जागा मागे राहिलेली असते. रंग जुना असेल, हात फिरवला की खडूसारखी पूड लागत असेल, तर या रेघा कायमच्या बसतात. मी एका मोठ्या पश्चिमेकडच्या भिंतीवर ही चूक केलेली आहे. घरमालकांना अख्खी भिंत पुन्हा रंगवावी लागली आणि ते बघताना मला फार वाईट वाटलं होतं. खालून सुरू केलं की वरून येणारा ओघळ आधीच भिजलेल्या भिंतीवर पडतो, पसरतो, आणि रेघ धरत नाही. धुताना मात्र वरून खाली, कारण तेव्हा घाण काढून न्यायची असते.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मान्य करते. भिंत आधी पाण्याने नीट भिजवून घेतली असेल तर वरून मारल्याने फारसं बिघडत नाही. उघड्या विटा आणि दगड तर आधी भिजवावेतच, नाहीतर ते औषध आत पिऊन घेतात. पण रंगवलेली भिंत आधी चिंब करणं म्हणजे मुळात पातळ औषध आणखी पातळ करणं. भिंत उन्हाने तापली असेल तर थंड करण्यापुरतं पाणी मारा, निथळू द्या, मग औषध.

आणि मारल्यावर थांबा. पाच ते दहा मिनिटं. या वेळात भिंत ओली राहिली पाहिजे. औषध वाळलं की त्याचं काम थांबतं आणि वर पांढरे खार उरतात. वाळायला लागलंच तर पुन्हा हलका हात मारा. म्हणून एका वेळी एकच बाजू घ्यावी, तीही सावलीतली. औषधात साबण घालण्याचा हेतूही हाच आहे, की पाणी भिंतीला धरून राहावं, थेंब होऊन घरंगळू नये. भरपूर फेस म्हणजे भरपूर स्वच्छता, हा समज सोडून द्यायला हवा. जाड फेसात हवाच जास्त असते. साबण प्रमाणाबाहेर झाला तर तो धुऊन निघत नाही, आणि राहिलेल्या चिकट थरावर महिन्याभरात धूळ बसते.

दाबाबद्दल तुमच्याशी माझं पटत नाही, आणि इथे मी मागे सरकणार नाही. दाबाने शेवाळ छाटलं जातं. भिंत त्या संध्याकाळी सुंदर दिसते. पण गिलाव्याच्या बारीक छिद्रांत जे राहतं ते जिवंत असतं, आणि ओल मिळाली की तिथूनच परत येतं. तोवर तुम्ही पुन्हा दाब लावता, दर वेळी रंगाचा थोडा थर, विटांच्या सांध्यांतला थोडा माल घेऊन जाता, आणि खिडकीच्या चौकटीमागे पाणी घुसवता. लाकडाचे तर तंतू उभे राहतात. औषधाने मेलेलं शेवाळ बागेच्या नळीइतक्या दाबानेही निघून जातं. मी घराच्या भिंती धुताना पंख्याचं नोझल भिंतीपासून चांगलं लांब धरते आणि फक्त पाणी भरपूर वापरते.

विषाची तुमची काळजी मात्र योग्य आहे, आणि माझ्या लेखात तिला एक ओळ मिळाली होती, ती कमी होती. झाडं आधी भिजवा, पानं आणि माती दोन्ही, म्हणजे ती औषधाचं पाणी कमी शोषतात. मध्ये एकदा आणि शेवटी भरपूर पाणी द्या. वाहून जाणारं पाणी तळ्यात, माशांच्या टाकीत जाऊ देऊ नका. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, आणि वारा अंगावर येत असेल तर काम पुढे ढकला. सगळ्यात महत्त्वाचं, हायपोक्लोराइटमध्ये कोणतंही ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका. ॲसिडने क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाने क्लोरामाइन. दोन्ही छातीला घातक आहेत. एकाच डब्यात, एकाच नळीत एकामागून एक, न धुता, हेसुद्धा नको.

तुमचं घर लहान असेल तर खरं सांगायचं तर इंजेक्टर बाजूलाच ठेवा. पाठीवरच्या किंवा हातपंपाच्या फवारणी यंत्रात एक टक्क्याचं औषध मोजून बनवा आणि तेच मारा. दहा टक्क्यांचं ताजं औषध एक भाग, पाणी नऊ भाग. भिंतीवर पडतं तेवढंच डब्यात असतं, हिशोब चुकायला जागाच नाही, आणि औषधही कमी लागतं. प्रेशर वॉशर फक्त धुवायला घ्या. आत पितळेचे किंवा लोखंडाचे भाग असलेलं फवारणी यंत्र मात्र या कामाला नको.

राहिले तुमच्या खिडक्यांखालचे डाग. वर सांगितलेलं सगळं बरोबर करूनही ते हलणार नाहीत, अशी एक शक्यता आहे. खिडकीखाली ओघळलेले डाग नेहमी शेवाळाचेच नसतात. तेव्हा आधी ही परीक्षा करा. ताज्या, पाणी न घातलेल्या औषधात कापसाचा बोळा बुडवून, मोजे घालून, डागाच्या कडेला लहानशा जागी टेकवा. दोन-तीन मिनिटांत ती जागा उजळली, तर डाग शेवाळ किंवा बुरशीचा आहे आणि तुमचा प्रश्न फक्त ताकदीचा होता. काहीच बदललं नाही, तर तो दुसरा काही आहे. तांबूस कड असेल तर गज किंवा खिळ्यांचा गंज. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, आणि तेही ही जागा साध्या पाण्याने पूर्ण धुऊन, दुसऱ्या दिवशी. पांढरट पूड येत असेल तर लोणा. तो आधी कोरड्या ब्रशने झाडायचा, आणि ओल कुठून येते ते शोधायचं. बोटाला काळं तेलकट लागत असेल तर धुराची काजळी, तिला साबण आणि ब्रश.

बोळ्याची परीक्षा आणि बादलीचा आकडा, दोन्ही इथेच खाली लिहा. बाटलीतून किती गेलं तेवढं कळलं की डब्यात काय ठेवायचं ते आपण नेमकं काढू. लेखातलं एकास दहाचं वाक्य मी आज दुरुस्त करते आहे.