सात दिवसांत ग्रेड २ चा शून्य? आधी मोजलं काय ते बघू

गोदापार्कच्या वॉकिंग ग्रुपपासून सिन्नरच्या भाऊबंदांच्या ग्रुपपर्यंत एक मेसेज फिरतोय. ‘सात दिवस काढा घ्या, ग्रेड २ चं फॅटी लिव्हर शून्यावर येतं, सोनोग्राफीच पुरावा. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल असेल तर काळजीच नको. फायब्रोस्कॅन म्हणजे तीच सोनोग्राफी, फक्त महाग. आणि चरबी उतरली की लिव्हर बरं.’ सोबत दोन रिपोर्टांचे फोटो. मी रेडिओलॉजिस्ट; हे फोटो घेऊन कोणी ना कोणी येतंच.

आधी तो ‘पुरावा’. साध्या सोनोग्राफीतला ग्रेड, म्हणजे चरबीची पायरी, मोजलेला नसतो, डोळ्यांनी ठरवलेला असतो. उजव्या किडनीपेक्षा लिव्हर किती पांढरं, आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा दिसतात का, मागचा श्वासपटल दिसतो का, एवढं बघायचं. कसारा घाटात धुक्यात अप्पर लाइट मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते आणि पुढचा ट्रक गायब होतो ना, चरबीचे थेंब ध्वनीचं तसंच करतात. जवळूनच भरपूर परत फेकतात, खोलवर कमी पोचू देतात.

परवा सिन्नरचे एक काका काढ्याचा कोर्स संपवून आले. प्रोब पोटावर ठेवून मी गेनचं, म्हणजे चित्र उजळ-अंधुक करायचं बटण फिरवलं. लिव्हर पांढरंफेक झालं, मग काळपट. काका म्हणाले, “म्हणजे डॉक्टर, काढा तुमच्या बटणातच आहे की!” अगदी तसं नाही. किडनीही सोबत उजळते, म्हणून तुलना टिकते. पण ग्रेड १ की २, यावर दोन डॉक्टरांचं जमेलच असं नाही, आणि माझंही सोमवारी एक, गुरुवारी दुसरं होऊ शकतं. हे आमचं उणं, मान्य. शिवाय पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी असली की फॅटी लिव्हर म्हणतात, पण वीस-तीस टक्क्यांच्या खाली ती साध्या सोनोग्राफीतून सहज निसटते. तेव्हा ‘शून्य’ म्हणजे चरबी नाहीच, असं कोणी समजू नये.

एसजीपीटीचं थोडक्यात: ते नॉर्मल असूनही लिव्हरमध्ये व्रण, म्हणजे फायब्रोसिसचे कडक डाग, असू शकतात.

‘तीच सोनोग्राफी’ हे तर साफ चूक. फायब्रोस्कॅन चित्र काढतच नाही. बरगड्यांच्या फटीत हलकी टिचकी मारतं आणि ती लहर किती वेगाने धावते ते मोजतं. लिव्हर जितकं कडक, तितकी लहर वेगवान. हा आकडा किलोपास्कलमध्ये, व्रणांचा अंदाज देणारा. दुसरा आकडा कॅप: ध्वनी दर मीटरला किती विरतो, 100 ते 400 डेसिबल प्रति मीटर. साधारण 250 च्या पुढे चरबीचा संशय घेतात. वजन आणि मधुमेहामुळे ही रेघ सरकते. म्हणजे प्रश्न दोन आहेत, चरबी किती आणि व्रण किती. ग्रेड फक्त पहिल्याबद्दल बोलतो. आणि सिरॉसिस, म्हणजे व्रणांची शेवटची पायरी, पुढे गेलेल्या लिव्हरमध्ये चरबी उलट ओसरते, त्यामुळे ‘चरबी उतरली की बरं’ हे वाक्य तिथे घात करतं.

‘महाग’ मात्र खरं, आणि ते सगळ्यांना लागतही नाही. वय, एसजीओटी (लिव्हरचीच दुसरी रक्ततपासणी), एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून व्रणांचा अंदाज देणारा फिब-४ हा आकडा फुकटात निघतो. मध्यमवयीन माणसाचा तो 1.3 च्या खाली असेल तर बहुधा थांबता येतं. फायब्रोस्कॅन करायचंच ठरलं तर तीन तास पोट रिकामं ठेवा. सकाळी मिसळ चापून आलात की लिव्हरचा रक्तप्रवाह वाढतो, लिव्हर आहे त्यापेक्षा कडक दिसतं, आणि घरी नसता घोर.

राहिला काढा. वजन साधारण पाच टक्के उतरलं की लिव्हरची चरबी कमी होऊ लागते. सूज आणि व्रण हलायला सात ते दहा टक्के लागतात. काका 84 किलोंचे. मी म्हटलं, चार किलोंच्या वर उतरवा, मग बघू.

“आता हे सात दिवसांत कसं व्हायचं?” काका म्हणाले, आणि मोबाइल खिशात टाकला.