‘ट्रिपल ए आहे, क्लेम अडकणार नाही’: त्या फॉरवर्डचा समाचार

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: ‘विमा कंपन्यांना सरकार रेटिंग देतं. ए म्हणजे अव्वल. ट्रिपल ए असेल तर क्लेम शंभर टक्के मिळणार. रेटिंग नसेल तर कंपनी बोगस, आजच पोर्ट करा (म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्या).’ चार वाक्यं, चारही गंडलेली.

रेटिंग सरकार देत नाही. क्रिसिल, इक्रा, केअर किंवा परदेशातल्या एएम बेस्ट, एस अँड पी अशा संस्था देतात आणि त्यांची फी बहुतेक वेळा ती कंपनीच भरते. तेवढ्यानं रेटिंग खोटं ठरत नाही, पण तो सरकारी शिक्काही नव्हे. आपली नियामक संस्था, आयआरडीएआय, सॉल्व्हन्सी रेशो बघते. सगळी देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, नियमानं लागते त्याच्या किमान १.५ पट हवी. हा आकडा कंपनीच्या वेबसाइटवर ‘पब्लिक डिस्क्लोजर्स’मध्ये दर तिमाहीला फुकट बघायला मिळतो.

‘ए म्हणजे अव्वल’? एएम बेस्टच्या पट्टीवर ए तिसऱ्या पायरीवर आहे, एस अँड पीच्या सहाव्या. शिवाय देशी ट्रिपल ए, म्हणजे देशी पट्टीवरची सगळ्यात वरची पायरी, याचा अर्थ भारतातल्या इतरांच्या तुलनेत भक्कम, एवढाच. जागतिक पट्टीवर एस अँड पीनं २०२५ मध्ये खुद्द भारत सरकारला बढती दिली ती बीबीबीपर्यंत, म्हणजे ए च्याही खाली! आणि जाहिरातीतलं रेटिंग पुष्कळदा कंपनीच्या रोख्यांचं असतं, हे कोण वाचतो?

आता खरा मुद्दा, क्लेमचा. रेटिंग सांगतं की कंपनीच्या खिशात पैसे आहेत; तुमचं बिल पॉलिसीत बसतं का, हे ते सांगत नाही. समजा ५ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत. मग नुसते वरचे ३,००० जात नाहीत. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही त्याच प्रमाणात कापता येतो: तो १,६०,००० असेल तर मिळणार १,००,०००. (औषधं आणि इम्प्लांट यातून वगळलेले आहेत.) वरचे ६०,००० तुमच्या खिशातून, कंपनी ट्रिपल ए असली तरी. फॉर्मवर मधुमेह लपवला असेल तर विचारूच नका. तो फॉर्म एजंटनं भरला होता, ही सबब सहसा चालत नाही.

उलट उदाहरणही आहे. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन सरकारी कंपन्यांचा सॉल्व्हन्सी रेशो अलीकडच्या वर्षांत १.५ च्या खाली गेला. तरी त्यांना टाळं लागलं नाही, कारण मालक केंद्र सरकार. त्यानं हजारो कोटींचं भांडवल ओतलं. नुसत्या अक्षरावरून किंवा आकड्यावरून निकाल लावणाऱ्यांनी हेही बघावं. आणि रेटिंग कायमचंही नसतं: एआयजी या बड्या अमेरिकी विमा कंपनीचं १५ सप्टेंबर २००८ ला खाली आलं आणि दुसऱ्याच दिवशी फेडला, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, तिच्यासाठी ८५ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर करावं लागलं.

राहिलं ‘आजच पोर्ट करा’. आरोग्य विमा पोर्ट होतो तो नूतनीकरणाच्या वेळी, मनात आलं त्या दिवशी नाही. नवी कंपनी तब्येत बघून सरळ नकार देऊ शकते. साठीच्या आईवडिलांची जुनी पॉलिसी असा मेसेज वाचून मोडायला निघाला असाल तर आधी नव्या कंपनीचा होकार लेखी हातात घ्या. अडलेल्या क्लेमसाठी पोर्टिंगचा उपयोगच नाही. त्यासाठी आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची आणि महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जायचं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.