दोर, झाड आणि घोडीची रात्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जंगलातल्या कॅम्पग्राउंडवर दोन घोडे घेऊन काढलेल्या दोन रात्रींबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीन-चार वेळा वाचली. आभार मानून दोन ओळींत मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. घोडा घेऊन जंगलात राहायला जाणं म्हणजे हौस माणसाची आणि सजा मुक्या जनावराला. त्याला रात्रभर दोरीला जखडायचं आणि आपण तंबूत घोरायचं. वर झाडांच्या साली सोलायच्या, लिदीचे ढीग मागे टाकून यायचं, शेजारच्या तंबूतल्या पोराबाळांना लाथ बसायची भीती ती वेगळीच. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘त्या घोडीला तिथे यायचं होतं का, हे कुणी विचारलं?’

आधी झाडाचं, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. लेखातल्या तिसऱ्या फोटोत आमची कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, घोडी थेट बुंध्याला बांधलेली दिसते. तुम्ही लिहिल्यावर मी तो फोटो मोठा करून पाहिला. दोरीच्या गाठीखाली तळहाताएवढी साल खरवडली गेली आहे आणि आतला ओलसर, फिकट भाग उघडा पडलाय. खोगीर चढवण्यापुरतीच बांधली होती, वीसेक मिनिटं. तेवढ्यात एवढं झालं. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच खाली मुळांपर्यंत उतरतं. दोरी घासून घासून तो थर बुंध्याभोवती सगळीकडून कापला गेला, तर मुळं उपाशी राहतात आणि झाड उभ्या उभ्या मरतं. एका घोड्याने एका दिवसात हे होत नाही, हे खरं. पण कॅम्पग्राउंडवर बांधायला सोयीचं झाड सगळ्यांना एकच दिसतं. आज मी बांधते, उद्या दुसरा कुणी, परवा तिसरा. फोटो मी काढून टाकलेला नाही. त्याच्याखाली ‘असं बांधू नये’ आणि त्याचं कारण लिहिलं आहे.

सालीपेक्षा मुळांचं नुकसान मोठं असतं, त्याकडे मात्र तुमचंही लक्ष गेलेलं दिसत नाही. कंटाळलेला किंवा भुकेला घोडा पुढच्या खुराने जमीन उकरतो. साडेचारशे किलोचं जनावर रात्रभर एकाच जागी पाय आपटत राहिलं, की सकाळी बुंध्याभोवती खड्डा आणि त्यात वरवरची मुळं उघडी. बाकीची माती इतकी दाबली जाते की पाणी आत मुरत नाही.

म्हणून रात्रीसाठी आम्ही दावण, म्हणजे घोडे बांधायचा लांब दोर, बांधतो, पण ती जमिनीलगत नसते. डोक्यावरून ताणतो. चांगली जाड, निरोगी अशी दोन झाडं निवडायची, मधली जमीन कोरडी आणि टणक हवी, आणि ओढा किंवा तळं निदान साठ मीटर लांब. बुंध्याला दोर लागू द्यायचाच नाही. आधी चार बोटं रुंदीचा चपटा पट्टा गुंडाळायचा आणि दोर त्या पट्ट्याच्या कडीत ओवायचा. उंची इतकी, की हात वर केल्यावर दोर जेमतेम हाताला लागावा. ताण असा हवा की घोड्याने हिसका दिला तरी दोर खाली झोळ धरणार नाही. दोरावर ठरावीक अंतरावर फास पक्के करून घोडे त्यांना बांधायचे, म्हणजे ते सरकत सरकत झाडापाशी जात नाहीत आणि एकमेकांच्या लाथेच्या टप्प्यातही येत नाहीत. फासाखाली फिरती कडी नसेल तर सकाळपर्यंत दोरीला शेकडो पीळ बसलेले असतात.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे मोहरकीपासून, म्हणजे घोड्याच्या तोंडावरच्या पट्ट्यांपासून, वर जाणाऱ्या दोरीची लांबी. आखूड ठेवली तर घोड्याला बसता येत नाही. लांब ठेवली तर पुढचा पाय दोरीत अडकतो, आणि अडकलेला घोडा घाबरून काय करील सांगता येत नाही. मी घोडीची मान खाली ओढून मोजते. नाक जमिनीला टेकलं पाहिजे, पण दोरी जमिनीवर लोळता कामा नये. गाठ एका ओढीत सुटणारीच मारायची, आणि तरीही उशाशी चाकू ठेवायचा. ज्या कॅम्पग्राउंडवर घोड्यांसाठी लाकडी कठडे किंवा खांब रोवलेले असतात, तिथे मात्र झाडांना हातच लावायचं कारण नाही. हे सगळं मूळ लेखात यायला हवं होतं. मी तिथे सूर्योदयावर दोन परिच्छेद खर्च केले आणि दावणीवर एक ओळ.

आता ‘रात्रभर जखडून ठेवणं’. या शब्दाने मला वाईट वाटलं, पण मुद्दा टाळण्यासारखा नाही. घोडा उभ्याने झोपतो असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं आहे. त्याच्या पायांत स्नायुबंधांची अशी रचना असते की सांधे अडकवून तो फारसे कष्ट न घेता उभा डुलकी घेऊ शकतो. गाढ झोपेचा एक भाग मात्र, माणसाला स्वप्नं पडतात तो, त्याला बसल्याशिवाय किंवा आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास पुरतो, पण तो लागतोच. तो बरेच दिवस मिळाला नाही, तर घोडा उभ्या उभ्या पेंगून गुडघ्यांवर कोसळतो. आणि घोडा बसतो कधी? जागा सुरक्षित आहे अशी त्याची खात्री पटल्यावर. कळपातलं जनावर आहे ते. एक बसला की दुसरा उभा राहून कान टवकारून असतो. म्हणून एकच घोडा घेऊन जंगलात राहायला मी कुणालाही सांगणार नाही. एकट्या घोड्याला रात्रभर पहारेकरीही स्वतःच व्हावं लागतं.

पायबंद घालून, म्हणजे पुढचे दोन पाय एकमेकांना आखूड बांधून, मोकळं का सोडत नाही, असंही तुम्ही विचारलं आहे. पायबंदाची सवय झालेला घोडा दोन्ही पाय एकदम उचलून उड्या मारत बराच लांब जातो, वेगानेही जातो. संध्याकाळी चरायला तासभर, आपण समोर बसलेलो असताना, ठीक आहे. रात्री नाही. अनोळखी जंगलात अंधारात घोडा शोधत फिरणं काय असतं, ते अनुभवलेला माणूस पुन्हा असं करत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत नसलेली एक गोष्ट मीच सांगते, कारण ती तुमच्याच बाजूची आहे. या सहलीच्या आधीच्या वर्षी, दुसऱ्या एका कॅम्पग्राउंडवर, रात्री तीनच्या सुमाराला मला खूर घासल्याचा आवाज आला. टॉर्च घेऊन गेले. घोडी पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि मान वळवून वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. संध्याकाळी टाकलेली वैरण अर्धीअधिक तशीच होती. जबड्याखालच्या नाडीवर बोटं ठेवून मोजलं, मिनिटाला 52 ठोके. शांत उभ्या घोड्याचे 28 ते 44 असतात. कुशीला कान लावला. एरवी तिथे सतत गुरगुर, खळखळ ऐकू येते. त्या रात्री जवळजवळ काहीच नाही.

पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात जे अडलं ते पुढेच सरकायला हवं. फोनला रेंज मिळवायला टेकडावर चढले. पशुवैद्यांना उठवलं. त्यांनी वैरण काढून घ्यायला, हळूहळू चालवायला आणि दर पंधरा मिनिटांनी नाडी बघायला सांगितलं. उजाडता उजाडता तिने लीद टाकली, आणि मी तिच्या मानेवर डोकं टेकून रडले.

कारण साधं होतं आणि चूक माझी होती. वाहनातून उतरल्यापासून ती नीट पाणीच प्यायली नव्हती. कॅम्पवरच्या पाण्याचा वास तिला वेगळा लागला होता, ती तोंड घालून फुरफुरायची आणि मागे व्हायची. मी समोर भरलेली बादली बघून निश्चिंत होते. 25 ते 40 लिटर पाणी रोज लागणाऱ्या जनावराने दिवसभरात दहा लिटरही घेतलं नव्हतं, आणि वरून कोरडं गवत खाल्लं होतं. तेव्हापासून मी पहिल्या दिवसाचं पाणी घरून नेते, दुसऱ्या दिवशी ते कॅम्पच्या पाण्यात मिसळते, वैरण भिजवून घालते आणि बादल्या मोजते. तोबऱ्यातली चंदी, म्हणजे दाणा, कमी करते आणि गवत रात्रभर पुरेल असं ठेवते. घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असतं, मात्र लाळ फक्त चावतानाच सुटते. त्यामुळे रिकाम्या पोटी काढलेली रात्र त्याला आपल्यापेक्षा फार जड जाते. तिच्या वजनाच्या दोन टक्के धरले तर दिवसाला नऊ किलो गवत होतं. दोन घोडे, दोन रात्री, म्हणजे सामानात सगळ्यात मोठी जागा वैरणीचीच. ज्यांना हे ओझं नको असेल त्यांनी घोडा नेऊ नये, इतकं स्पष्ट मी आता म्हणते.

लिदीबद्दल. एक घोडा दिवसाला वीस किलोच्या आसपास लीद टाकतो, तेव्हा तुमची तक्रार काल्पनिक नाही. आम्ही कॅम्पच्या जागेवरची लीद आणि सांडलेलं गवत गोळा करून नेमून दिलेल्या खड्ड्यात टाकतो, खड्डा नसेल तर गोणीत भरून परत आणतो. वाटेवर पडलेली लीद बाजूला करून, फोडून, पातळ पसरतो. ढीग आतून ओला राहतो आणि माश्या त्यातच वाढतात, पसरलेली लीद उन्हात वाळून जाते. पण दिसणाऱ्या लिदीपेक्षा तिच्यातलं न दिसणारं बियाणं जास्त चिंतेचं आहे. तणाचं बी घोड्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं आणि जिथे ते तण कधी नव्हतं अशा जंगलात रुजतं. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या अनेक राष्ट्रीय वनांत म्हणूनच तणमुक्त असल्याचं प्रमाणपत्र असलेलीच वैरण नेऊ देतात. असा नियम नसेल तिथेही निघण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून स्वच्छ वैरण घालावी, म्हणजे पोटातलं जुनं बी घरीच पडतं. आयाळ, शेपूट आणि खुरांचे तळवेही निघण्याआधी साफ करावेत.

पोरांच्या भीतीबद्दल फार वाद नाही. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त नाकासमोरचं अगदी जवळचं आणि बरोबर शेपटीमागचं दिसत नाही, आणि मुलं नेमकी तिथूनच धावत येतात. दावण तंबूंपासून आणि पायवाटेपासून लांब बांधावी, शेजाऱ्यांशी पोचल्या पोचल्या बोलावं, मुलांना आपणहून बोलावून आपल्या समोर हात लावू द्यावा. चोरून येणारं मूल बोलावलेल्या मुलापेक्षा जास्त धोक्यात असतं. लाथ मारायची खोड असलेला घोडा कॅम्पग्राउंडवर आणूच नये, मग मालकाचा त्याच्यावर कितीही जीव असो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तिला यायचं होतं का, हे मला ठाऊक आहे असा दावा मी करणार नाही. ती खुशीने वाहनात चढते, पण सवयीनेही चढत असेल. मी तिला विचारते ते असं: निघण्याआधी महिनाभर घरच्या आवारात दावण बांधून तिला तिथे रात्री ठेवते. ती बसली, की जंगलाचा विचार करते. जंगलात पहिल्या रात्री ती सहसा बसत नाही, बहुतेक घोडे नवीन जागी बसत नाहीत, ते मी धरून चालते. दुसऱ्या रात्री मी दोन-तीनदा उठून लांबूनच बघते, आणि पहाटे तिच्या अंगावर हात फिरवते. कुशीला, मांडीला माती आणि पाचोळा चिकटलेला असला तर ती झोपली. तुम्ही ज्या सहलीबद्दल लिहिलंत त्यात दुसऱ्या रात्री ती पाय पोटाशी घेऊन बसली होती, खालचा ओठ पाचोळ्याला टेकलेला, आणि सोबतचा घोडा तिच्या अंगाशी उभा होता.

याच्या उलटही झालंय. एकदा दोन्ही रात्री तिची कूस स्वच्छ निघाली. तिसरी रात्र ठरलेली होती, जागेचे पैसेही भरलेले होते. सकाळी दावण सोडली, पट्टे उतरवले, लीद गोळा केली आणि दुपारी घरी आलो. वाहनातून उतरल्यावर ती पाणी प्यायली, आपल्या ठाणावर दोन चकरा मारल्या आणि भर दिवसा आडवी झाली.