‘एकच मॅलॉक पुरे’ म्हणणाऱ्यांना

रत्नागिरी ते कुडाळ, इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) मेमरी मागायला ढीगभर फंक्शन्स आहेत, ही जुनी अडगळ आहे. सी भाषेत साध्या प्रोग्रॅमला मेमरी मिळवून देणाऱ्या मॅलॉकसारखं एकच ठेवा. आता मेमरी वाटणारा स्लॅबसुद्धा काढला, म्हणजे कर्नलवाल्यांनाही हे पटलंय म्हणे.

स्लॅब गेला हे खरं. 2023 मध्ये 6.4 आवृत्तीत स्लॉब गेला, 2024 मध्ये 6.8 मध्ये स्लॅब, आणि उरला स्लब. पण हे तिघेही केमॅलॉकच्या, म्हणजे कर्नलमधल्या मेमरी मागायच्या नेहमीच्या फंक्शनच्या, मागे तेच काम करणारे. कर्नल बांधताना त्यातला एक निवडायचा, एवढंच. केमॅलॉक कसं बोलवायचं यात त्याने काही बदललं नाही.

मग केमॅलॉक आणि व्हीमॅलॉक वेगळे कशाला? गणपतीला तुतारी एक्सप्रेसमध्ये आठ जणांना एकाच डब्यात लागून जागा मागा, नाहीतर ‘कुठेही द्या, पण आठ द्या’ म्हणा. पहिल्या मागणीला गाडीत जागा असूनही नकार मिळू शकतो. केमॅलॉकला रॅममध्ये खरोखर सलग जागा लागते. व्हीमॅलॉक विखुरलेली पानं (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे) पेज टेबलातून, म्हणजे पत्त्यांच्या नकाशातून, सलग करून दाखवतं. 1 एमबी सलग म्हणजे 4 केबीची 256 पानं ओळीने मोकळी हवीत. ज्याचं विखुरलेल्यावर भागतं त्याच्यासाठी 2017 पासून केव्हीमॅलॉक आहेच: आधी केमॅलॉक करून बघतं, नाही जमलं तर व्हीमॅलॉक. डीएमए करणाऱ्या, म्हणजे प्रोसेसरला वळसा घालून थेट रॅम वाचणाऱ्या, कार्डाला विखुरलेल्या तुकड्यांची यादी घेता येत नसेल आणि मध्ये आयओएमएमयू (कार्डासाठी पत्ते बदलून देणारा भाग) नसेल, तर मात्र ही विखुरलेली पानं चालत नाहीत.

जीएफपी फ्लॅग म्हणजे मेमरी कशी मिळवायची हे मागताना सांगणारी खूण. ‘जीएफपीचे फ्लॅग तरी काढा’ हा फॉरवर्डमधला सगळ्यात कच्चा मुद्दा. आमच्याकडच्या एका पोराने पर्जन्यमापकासाठी ड्रायव्हर लिहिला. मापकातली बादली कलंडली की इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम सोडायला लावणारा इशारा, आणि त्या इंटरप्ट हँडलरमध्येच त्याने जीएफपी_कर्नल देऊन मेमरी मागितली. डीबग कर्नलने लगेच ओरड केली: ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’. जीएफपी_कर्नल म्हणजे ‘मेमरी मोकळी होईपर्यंत थांबायची तयारी आहे’. इंटरप्टमध्ये थांबता येत नाही, तिथे जीएफपी_अ‍ॅटॉमिक लागतं आणि नकार पचवायची तयारीही. कोण थांबू शकतो हे फंक्शनने आपलं आपण ओळखावं म्हणाल, तर स्पिनलॉक (जे धरलेलं असताना थांबता येत नाही असं कुलूप) धरलाय की नाही हे प्रत्येक कर्नल बांधणीत त्याला भरवशाने कळतही नाही.

मॅलॉक सोपं दिसतं, कारण त्याच्याखाली कर्नल राबत असतो. पानाला हात लागल्यावर पेज फॉल्ट (‘या पानामागे अजून रॅम नाही’ अशी प्रोसेसरची हाक) येतो आणि तेव्हा कुठे खरी रॅम मिळते. कर्नलच्या खाली कोण आहे?

एक तक्रार मात्र रास्त. थेट पानं देणारं गेट_फ्री_पेजेस पॉइंटरऐवजी अनसाइन्ड लाँग, म्हणजे नुसता आकडा, परत करतं, म्हणून जो तो त्याचा पॉइंटर करायला कास्ट लिहीत बसतो. शिवाय सोडताना ऑर्डर (पानांची संख्या दोनाच्या घातात) पुन्हा सांगावी लागते: घेताना 2, म्हणजे चार पानं, आणि सोडताना चुकून 1 लिहिलं तर कंपायलर हूं की चूं करत नाही. फॉरवर्डवाल्यांनी यावर पॅच (कोडमधली दुरुस्ती) लिहिला तर मी आनंदाने तपासून देईन.